घरचा पंच

खालच्या कॉलेजच्या सरांचं ते पत्र दुपारच्या डाकेनं आलं तेव्हा मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होतो. पत्र एका पानाचं होतं. अक्षर व्यायामशिक्षकांचं असतं तसं, मोठं आणि ओळींमध्ये भरपूर जागा सोडलेलं. मी ते उभ्याउभ्या वाचलं, हातातल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि त्याला उत्तर दिलं नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. पण उत्तर न देण्यासाठी मला फार कष्ट पडले.

आमच्या गावात दोन कॉलेजं होती. चढाच्या माथ्यावर आमचं, त्याला वरचं म्हणत, आणि चढाच्या पायथ्याशी खालचं. वरच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. माझ्या टेबलावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती, तिच्यामुळे मुलं मला शांतता सर म्हणायची. मला ते नाव गैर वाटलं नाही. मी बोललो तर मुलं दचकायची.

दोन्ही कॉलेजांत बाकी काही भांडण नव्हतं. भांडण होतं ते बास्केटबॉलचं, आणि तेवढं सगळ्यांना पुरत होतं. वर्षातून दोन सामने व्हायचे, एक वरच्या हॉलमध्ये, एक खालच्या. वर झालेला सामना वरचे जिंकायचे आणि खाली झालेला खालचे. मग बरोबरी व्हायची, आणि बरोबरी झाली की विजेत्यांची ढाल जिथे आहे तिथेच राहील असा नियम होता. ती आमच्याकडे कधी आली हे आठवणारी माणसं निवृत्त झाली होती. चढाच्या मध्यावर एक शिंपी होता. तो दोन्ही संघांचे बनियन शिवायचा आणि दोघांनाही खाजगीत सांगायचा की समोरच्यांचं कापड हलकं आहे.

आमच्या संघाचे कोच म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. माझं लग्न राहून गेलं, त्यामुळे मी ताईच्याच घरी माडीवरच्या खोलीत राहायचो. म्हणजे संघ हरला तर काय होतं हे मला आतून माहीत होतं. तसं ते फारसं होत नसे. खालच्या हॉलमधली हार भाऊजी मोजत नसत. ती पंचांची हार, असं ते म्हणत. वरच्या हॉलमधला विजय मात्र त्यांचा स्वतःचा असायचा.

खरं तर दोन्हीकडे पंचांचंच राज्य होतं. सामन्याला दोन पंच लागत. एकाला बास्केटबॉलची संघटना बाहेरून पाठवायची. दुसरा ज्याचा हॉल त्यानं द्यायचा, त्याला घरचा पंच म्हणत. आमचे घरचे पंच वाणिज्य शाखेचे एक प्राध्यापक होते. अत्यंत प्रेमळ गृहस्थ. आमची मुलं त्यांना मामा म्हणायची, कारण भाच्यांचे लाड करावेत तसे ते संघाचे करायचे. आमच्या मुलाचा धक्का लागला की तो खेळातला असायचा, त्यांच्या मुलाचा लागला की संस्कारांचा प्रश्न यायचा. खालच्या कॉलेजातही असेच एक होते. आम्ही त्यांना झोपाळू म्हणायचो. खाली त्यांना देवमाणूस म्हणत.

मामांना एका गोष्टीची फार मदत व्हायची. आमच्या हॉलला लाकडी जमीन होती आणि सामानाच्या खोलीच्या दारापाशी एक कोपरा होता. तिथून गाद्या आणि जाळ्या ओढून नेताना कडेची रेषा पार पुसून गेली होती. प्राचार्यांनी रेषा रंगवायला पांढऱ्या रंगाचा डबा पाठवला होता. भाऊजींनी तो गाद्यांच्या मागे ठेवून दिला. त्या कोपऱ्यात रेषा नव्हती, मामांचं मत होतं.

खालच्या सरांना, म्हणजे त्यांच्या कोचना, हे सगळं ठाऊक होतं. ते सडपातळ, कमी बोलणारे होते. बाजूला उभे राहून खेळ बघताना हात पाठीमागे धरायचे, जणू कुणीतरी ते बांधून ठेवलेत. भाऊजी मात्र बाजूच्या रेषेवरून इतके चालायचे की ताई म्हणायची, यांनाच खेळवा, निदान घाम तरी कामी येईल. दोघे एकमेकांशी सामन्याआधी हात मिळवण्यापुरतं बोलत. पण जेवताना भाऊजींच्या तोंडी दुसरा विषय नसे. तो आता काय करेल, तो उंच पोराला आत ठेवेल की बाहेर, त्यानं नवीन काय बसवलंय. माझ्या बहिणीच्या संसारात खालचे सर इतके होते की एकदा तिनं चुकून एक ताट जास्त मांडलं होतं.

त्या वर्षी जेवताना वेगळीच बातमी आली. खालच्या कॉलेजच्या संस्थेनं ठरवलं होतं की यंदा ढाल आली नाही तर बास्केटबॉल बंद. हॉलमध्ये परीक्षेचे बाक टाकायचे आणि सरांना दुसरं काहीतरी काम द्यायचं. हे सांगून भाऊजींनी पाणी प्यायलं आणि म्हणाले की म्हणजे यंदा तो जीव तोडून येणार. त्यांच्या आवाजात आनंद होता. खालचा सामना खालच्यांनी नेहमीसारखा जिंकला होता. आता ढाल हवी तर सरांना आमच्या हॉलमध्ये जिंकावं लागणार होतं, आणि तसं कुणी जिंकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

दोन-तीन दिवसांत ते पत्र आलं.

‘ग्रंथपाल, यंदाच्या सामन्याला घरचा पंच म्हणून मी तुमचं नाव संघटनेला सुचवलं आहे. मामांवर मी हरकत घेतली आहे. ते मनाला लावून घेणार नाहीत अशी आशा आहे. सामन्यात तुम्ही टेबलावर बसून घड्याळ सांभाळता तेव्हा मी तुमच्याकडे बघत असतो. मला झुकतं माप नको. तुम्हाला जमणार नसेल तर संघटनेला आणि मला कळवा.’

टेबलावर बसून घड्याळ चालू-बंद करण्याचं काम मी बरीच वर्षं करत होतो. बसून आणि न बोलता करता येण्याजोगं हॉलमध्ये तेवढंच काम होतं. त्यात कुणाला बघण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. संस्थेच्या निर्णयाबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. तेच मला जास्त लागलं. दया मागितली असती तर नाही म्हणता आलं असतं.

नाही म्हणायचंच होतं. प्रश्न फक्त मजकुराचा होता. पहिला मसुदा तुटक झाला. दुसरा मी इतका नम्र केला की वाचणाऱ्याला तो होकार वाटला असता. तिसऱ्यात प्रकृतीचं कारण दिलं, पण मला काही झालेलं नव्हतं, आणि ते लिहिल्यावर व्हायला लागलं. चौथ्याची सुरुवात चांगली जमली होती. तिच्या पुढे काय लिहावं या विचारात आठवडा गेला.

पाहुण्या संघाला घरच्या पंचावर हरकत घेऊन दुसरं नाव सुचवता यायचं, आणि त्या माणसानं मुदतीत लेखी नकार दिला नाही तर तो होकार धरावा, असा संघटनेचा नियम होता. संघटनेच्या पत्रांना कुणी उत्तरच देत नसे म्हणून तो केला होता. एका सकाळी फलकावर कागद लागला आणि त्यावर घरचा पंच म्हणून माझं नाव होतं. भाऊजी वाचनालयात आले. मी तिथे होतो तेवढ्या काळात ते पहिल्यांदाच आले असावेत, कारण दार ढकलायचं की ओढायचं हे त्यांना कळेना.

“तू हो म्हणालास?”

“मी काहीच म्हणालो नाही.”

“काहीच न म्हणणं म्हणजे हो. नियम माहीत नव्हता?”

माहीत होता. नियमांचं पुस्तक माझ्याच कपाटात होतं आणि ते वाचलेला कॉलेजात मी एकटाच होतो. भाऊजी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. खालच्यानं मामांना काढून माझ्या मेहुण्यालाच आणलं, असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि उठताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

पुढचे दिवस घरात माझी बडदास्त राहिली. भाऊजींनी मला समजावलं की मामांसारखं उघडं करायचं नाही, ते दिसतं. फक्त कोपरा सांभाळायचा. मी म्हटलं की मला दिसेल तशी शिट्टी मारणार. ते हसले आणि म्हणाले की अगदी असंच म्हणत राहा.

शिट्टीचा सराव मी वाचनालयात केला. बंद व्हायच्या वेळेला आत कुणी नाही असं बघून फुंकली, तर उकळत्या किटलीसारखा आवाज आला. नियतकालिकांच्या कपाटामागून एक मुलगी उठली, तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे, आणि पुस्तक तिथेच ठेवून निघून गेली.

सामन्याच्या संध्याकाळी हॉल भरला होता. ताई पहिल्या ओळीत होती. ती खेळ बघत नसे, भाऊजींचा रक्तदाब बघायची. संघटनेचे पंच एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांना परतीची बस पकडायची होती आणि सामना लवकर संपण्याच्या बाजूनं ते होते, दुसऱ्या कुणाच्या नाही. मामा प्रेक्षकांत बसले होते. त्यांनी मला लांबूनच हात हलवला, निवृत्त होणारा माणूस खुर्चीवर नव्यानं बसलेल्याला हलवतो तसा.

चेंडू वर उडाला आणि मला कळलं की टेबलावरून जो खेळ सावकाश दिसतो तो आतून फार गर्दीचा असतो. पण काही वेळानं मी टेबलावर करायचो तेच करायला लागलो. बघायला लागलो. आमच्या संघात एक रुंद मुलगा होता, त्याला सगळे रणगाडा म्हणत. तो वाट काढत नसे, पाडत असे. मी शिट्टी मारली. रणगाडा थांबला आणि कुणाला फाउल दिला हे बघायला मागे वळला. त्याला दिलाय हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

मग मी बऱ्याच वेळा शिट्टी मारली. खालच्यांच्या विरुद्धही मारली, पण ती कुणाला ऐकू आली नाही. हॉलला फक्त आमच्याविरुद्धची ऐकू येत होती. मध्यंतराला खालचे पुढे होते. भाऊजी माझ्या जवळून गेले आणि पुढे बघतच म्हणाले, “रात्री जेवायला आहेस का, ते ताईला विचारून ठेव.”

उत्तरार्धात रणगाड्याचे पाच फाउल झाले. पाच झाले की खेळाडू बाहेर. आमच्या हॉलमध्ये तो कधी असा बाहेर गेला नव्हता, त्यामुळे कोणीकडून जायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो चुकून खालच्यांच्या बाकावर जाऊन बसला. त्यांनी त्याला पाणी दिलं.

त्यानंतर आमची मुलं इरेला पेटली. गुण जुळत जुळत आले आणि अगदी शेवटी आम्ही एका गुणानं पुढे गेलो. वेळ जवळजवळ संपली होती. चेंडू खालच्यांकडे होता. खालच्या सरांनी काही सांगितलं नाही, पाठीमागचा एक हात फक्त पुढे घेतला. भाऊजी ओरडले की कोपरा, कोपरा. त्यांना सरांचा डाव कळला होता. त्यांना तो नेहमीच कळायचा, पण आमच्या मुलांना त्यांचं ओरडणं कळायचं नाही.

खालच्यांच्या संघात एक उंच, चष्मेवाला मुलगा होता. चष्मा त्यानं डोक्यामागून रबरानं बांधला होता. लांबून बास्केट टाकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो मागे सरकत सामानाच्या खोलीच्या दारापाशी गेला आणि चेंडू त्याच्या हातात पडला. मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. कोपऱ्यात रेषा नव्हती. पण रेषा जिथे पुसून गेली होती तिथेही तिची जागा त्याच फळीवर होती, आणि फळी पुसली जात नाही. इतकी वर्षं टेबलावरून समोर तोच कोपरा होता. त्याची डावी टाच त्या फळीवर टेकली. बास्केटबॉलमध्ये रेषा बाहेर धरतात. रेषेला पाय लागला की खेळाडू बाहेर.

मी शिट्टी मारली. चेंडू त्यानंतर त्याच्या हातातून सुटला आणि सुंदर गेला. मला वाटतं त्या हॉलमध्ये इतका सुंदर चेंडू कधी पडला नसेल. मी हात वर करून तो रद्द केला.

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग हॉल अंगावर आला, पण या वेळी आनंदानं. संघटनेच्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. उरलेला वेळ चेंडू हातात धरण्यातच गेला आणि सामना संपला.

खालचे सर माझ्याकडे चालत आले. त्यांच्या मागे त्यांची मुलं होती, ती बरंच काही बोलत होती. सर थांबले तशी तीही थांबली.

“कोणता पाय?”

“डावा. टाच.”

“रेषा दिसत होती?”

“फळी दिसत होती.”

त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि पाण्याच्या बाटल्या गोळा करायला गेले. मला वाटलं होतं ते आणखी काहीतरी विचारतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

बाहेर आलो तेव्हा मला खांद्यावर घ्यायचं चाललं होतं. मी वाचनालयाच्या मागच्या दारानं घरी गेलो. भाऊजी माझ्या आधी पोहोचले होते आणि दारात उभे होते. त्यांनी मला मिठी मारली. अशी मिठी त्यांनी मला ताईच्या लग्नातही मारली नव्हती.

“एवढं पोटात ठेवून होतास,” ते म्हणाले. “आणि मी तुला जेवणावरून बोललो.”

त्यांनी सगळा डाव उलगडून सांगितला. आधी आमच्याविरुद्ध मारत सुटायचं, खालच्याचा विश्वास कमवायचा, संघटनेच्या माणसाचाही कमवायचा, आणि शेवटी एकच घाव, तोही कोपऱ्यात. मामा आयुष्यभर राबले पण हे त्यांना सुचलं नाही. मी म्हटलं की मुलाचा पाय खरोखर रेषेवर होता. भाऊजी म्हणाले की बरोबर, हेच सांगायचं, आणि त्यांनी डोळा मारला.

त्यांचं हे पाहून मी खरं काय ते बऱ्याच जणांना सांगितलं. प्राचार्यांना, शिंप्याला, मामांना. सगळ्यांनी डोळा मारला. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. फक्त ताईनं मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं की खरंच होता का रे पाय. मी होता म्हटलं. ती म्हणाली की मग त्या माणसाला तसं लिही.

तेच तर जमेना. ‘आपल्या खेळाडूचा पाय खरोखरच’ असं लिहिलं की मलाच ते लबाडाचं वाटायचं. खरोखरच हा शब्द काढला तर उद्धट वाटायचं. आणि त्यांनी पत्रात विचारलं होतं ते वेगळंच. पंच व्हाल का, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर द्यायची वेळ कधीच निघून गेली होती.

खालच्या हॉलमध्ये बाक आले. सरांना वाहनतळाच्या देखरेखीचं काम दिलं, असं कळलं. ते काही महिने त्यांनी केलं, मग एक दिवस बायको-मुलीला घेऊन दूर कुठेतरी निघून गेले. मी चढावरून उतरताना वाहनतळाच्या समोरून जायचं टाळायचो, त्यामुळे ते नेमके कधी गेले ते मला ठाऊक नाही.

मला कायमचा घरचा पंच नेमलं. आता बाहेरगावची कॉलेजं यायची. मी दिसेल तशी शिट्टी मारायचो. आमच्याविरुद्ध मारली की प्रेक्षक एकमेकांना सांगायचे, थांब, आत्ता पेरतोय. शेवटपर्यंत काही केलं नाही तर म्हणायचे, पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलं. पाहुण्यांनी जिंकलं तरी माझी कीर्ती कमी झाली नाही. उलट एवढा खोल माणूस आम्ही पाहिला नाही, असं लोक म्हणू लागले.

भाऊजींचं मात्र काहीतरी बिनसलं. बाहेरून येणारे संघ चांगले होते, त्यांचे कोचही भले होते, पण भाऊजी त्यांना जेवताना आठवत नसत. बाजूच्या रेषेवरून चालणं कमी झालं. एके दिवशी त्यांनी गाद्यांच्या मागून रंगाचा डबा काढला, झाकण वाळून बसलं होतं ते हातोडीनं उघडलं आणि कोपऱ्यातली रेषा स्वतः रंगवली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते खालच्या कॉलेजात गेले. संस्थेच्या सचिवांना त्यांनी सांगितलं की आमची रेषा आता स्वच्छ दिसते, तुम्ही संघ पुन्हा सुरू करा आणि त्या माणसाला परत बोलवा. सचिव म्हणाले की बाक जमिनीत पक्के बसवले आहेत. भाऊजी घरी आले आणि जेवले नाहीत.

ते निवृत्त झाले, मीही झालो. भाऊजी दूरदर्शनवर सामने बघायचे, आवाज बंद करून, आणि दोन्ही बाजूंना सूचना द्यायचे. मी माडीवर वाचत बसायचो. कधी कधी पुस्तक बाजूला ठेवून त्या टाचेचा विचार करायचो. त्या संध्याकाळी मला शंका नव्हती. पण वर्षं जात गेली तशी ती टाच हलायला लागली. कधी ती फळीवर असायची, कधी फळीच्या अलीकडे. सरांचं ते पत्र अजून त्याच पुस्तकात होतं. ते पुस्तक मी कॉलेजकडून विकत मागून घेतलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला वाचायला देणं शक्य नव्हतं.

यंदा दुसरं पत्र आलं. अक्षर तेच, थोडं कापरं. पानाच्या खाली नाव होतं, पण ते वाचायची गरज पडली नाही.

‘ग्रंथपाल, मी इथे एका शाळेतल्या लहान मुलींना शिकवतो. नातही त्यांच्यात आहे, ती नियमांवरून माझ्याशी भांडते. आमच्या आणि पलीकडच्या शाळेचं जुनं वैर आहे. यंदाचा शेवटचा सामना आमच्या हॉलमध्ये आहे आणि घरचा पंच मला द्यायचा आहे. पलीकडच्या कोचबाईंनी माझ्या सगळ्या नावांवर हरकत घेतली, आणि त्यांचं बरोबर होतं. मग मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, यांच्या एका शिट्टीनं माझी नोकरी गेली. त्या लगेच तयार झाल्या. हॉल लहान आहे, फार पळावं लागणार नाही. रेषा मी स्वतः रंगवल्या आहेत. मागच्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही, त्याची घाई नाही. याचं मात्र लेखी हवं.’

मी ते दोनदा वाचलं. रेषांची ओळ चार-पाच वेळा वाचली. मग चष्मा पुसला आणि पत्र घेऊन खाली गेलो. भाऊजींना वाचायला देणं धोक्याचं होतं, पण ताईला दिलं तर तेही होणारच होतं.

ताईनं वाचून एवढंच विचारलं की गुडघ्यांचं काय. मी म्हटलं की हॉल लहान आहे. भाऊजींनी पत्र हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि एका जागी त्यांचं बोट थांबलं.

“ही पलीकडची बाई,” ते म्हणाले, “हिला त्याचे डाव माहीत असतील?”

मला कल्पना नाही, असं मी सांगितलं. ते उठले, खोलीत बाजूच्या रेषेवरून चालावं तसे भिंतीच्या कडेनं चालले, परत आले. दूरदर्शन संच बंद केला. तो आपण होऊन बंद करताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

उत्तर लिहायला मी टेबलाशी बसलो. पहिला मसुदा लांबला. त्यात टाच आली, फळी आली, मामा आले. ताईनं तो वाचला आणि माझ्यासमोरून उचलून नेला. दुसरा कागद तिनं अर्धाच फाडून दिला, म्हणजे जास्त लिहिता येणार नाही. मी लिहिलं:

‘आपली दोन्ही पत्रं मिळाली. येतो.’

खाली सही केली. भाऊजी मागे उभे होते. त्यांनी लेखणी मागितली. मी द्यायला का-कू करतोय हे पाहून ताई म्हणाली की दे रे, नाहीतर आज झोपायचे नाहीत. उरलेल्या जागेत भाऊजींनी बारीक अक्षरात लिहिलं:

‘पलीकडच्या बाईंना मदतनीस हवा असल्यास विचारावं. मी मोकळा आहे. पगार नको. तुम्ही डाव्या बाजूला बघितलं की चेंडू उजव्या कोपऱ्यात जातो, हे अजून माझ्या लक्षात आहे.’

“हे त्यांना सांगून टाकलं तर ते बदलतील ना,” मी म्हटलं.

“बदलू दे की,” भाऊजी म्हणाले. “मग मी नवीन शोधीन.”

ताई म्हणाली की म्हणजे परत एकाच घरात पंच आणि कोच, तेव्हा या वेळी प्रवासाचा डबा ती एकाचाच करणार, कोणाचा ते सामन्यानंतर ठरेल. भाऊजींनी त्यावर हरकत घेतली. डबा जाताना लागतो, येताना नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पत्र टाकायला मी एकटाच निघालो होतो. भाऊजी चपला घालून मागोमाग आले. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही, असं ते म्हणाले, आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत माझ्या अगदी बाजूनं चालले. पेटीपाशी मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. तिकीट होतं. पत्ता होता. पत्त्यातला एक अंक मला जरा संशयास्पद वाटला, तो मी खिशातल्या मूळ पत्राशी ताडून पाहिला. बरोबर होता. मी पुन्हा एकदा पाहणार तेवढ्यात भाऊजींनी घसा खाकरला.

मी पाकीट आत सोडलं. पडल्याचा आवाज आला नाही. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी पेटीच्या अंगावर तळव्यानं दोन थापा मारल्या, आणि मग तो आवाज आला.